दारातला पक्षी

गुनवोरआजीच्या दारात एक पक्षी राहायचा. दिसायचा कधीच नाही, पण मदतनीस आत आली की एकदा टिवटिवायचा आणि ती जाताना पुन्हा एकदा. मधल्या वेळात इन्सुलिनची सुई, पाव-चीज, कॉफी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. या हिवाळ्यात पालिकेनं सव्वीस निरनिराळ्या मदतनीस पाठवल्या. पक्षी मात्र तोच.

सोमवारी सकाळी पक्षी एका श्वासात दोनदा बोलला आणि गप्प झाला.

आजी वाट पाहत पडून राहिली. सुई नाही, कॉफी नाही. खिडकीबाहेरचं बर्फ खालून वर जाऊ लागलं. तहान अशी, की फुलदाणीतलं पाणीही तिनं पिऊन टाकलं. दुपारी समुद्र खोलीत आला. वाईट काही वाटलं नाही. सपाता भिजू नयेत म्हणून तेवढ्या तिनं पलंगावर घेतल्या.

चारला पालिकेची लिसेलोट आली. आजीनं घरी एकटं राहावं की वृद्धाश्रमात जावं, हे तिला आज ठरवायचं होतं. महिन्यात तीनदा आजीनं 'सुई दिली नाही' म्हणून फोन केला होता आणि तिन्ही वेळा नोंदीत 'दिली' असंच होतं.

"आज सकाळी कोण आलं होतं, आजी?"

"पक्षी."

लिसेलोटनं खाली मान घालून लिहिलं. आजीला ते लिहिणं दिसलं आणि कळलंही. चाळीस वर्षांचं घर त्या एका ओळीत मावत होतं.

तेवढ्यात दार उघडलं. टिव.

"हा बघ, बोलला. आता मधे बराच वेळ जाईल, मग परत बोलेल. सकाळी मेल्यानं श्वाससुद्धा घेतला नाही मधे."

संध्याकाळच्या पाळीची मायलिस बुटांवर निळं प्लास्टिक चढवत होती. एक पाय झाला होता, दुसरा तसाच राहिला. तिनं हातातल्या फोनकडे पाहिलं, मग चौकटीवरच्या पांढऱ्या बटणाकडे. येता-जाता फोन त्याला टेकवायचा असतो; टेकवला की टिव वाजतं आणि वेळ नोंदली जाते.

"लिसेलोट, लिहिणं थांबव जरा."

एका पायात प्लास्टिक तसंच ठेवून ती आली, आजीच्या बोटातून थेंब काढला आणि आकडा बघून आधी नर्सला फोन लावला. नर्सनं सांगितलं तेवढं इन्सुलिन दिलं. मग नोंद उघडली.

"आत आठ वाजून चार. बाहेरही आठ वाजून चार. सुई, नाश्ता, अंग पुसणं, सगळं झालेलं. एवढ्या वेळात माझे तर बुटाचे बंदसुद्धा सुटत नाहीत."

"पण तुला कसं सुचलं?"

मायलिसनं दुसऱ्या बुटावर प्लास्टिक चढवलं. "परवा मीच केलं असं. दुसऱ्या घरी. वेळापत्रकात पुढचं घर तीन मिनिटांवर लावलेलं आणि चालायला नऊ लागतात. म्हातारे झोपले होते, म्हटलं झोपू देत."

लिसेलोटनं ती ओळ खोडली, नीट, दोनदा. मग विचारलं, "त्या घराचा नंबर काय?" मायलिसनं सांगितला.

आजीला हे सगळं पाण्याखालून ऐकू येत होतं. समुद्र हळूहळू उंबऱ्याकडे सरकत होता. स्वयंपाकघरात कॉफी उकळल्याचा वास आला, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मायलिसची पुढच्या घराची वेळ केव्हाच होऊन गेली असणार.

डोळे मिटून आजी कान देऊन पडली. पक्षी अजून बोलला नव्हता.