राजाचे तोंड

“मी विचारायला आलेलो नाही, ओचामे. सांगायला आलोय,” जिल्हा कमिशनर बोआतेन म्हणाला.

ओचामेची बायको सेरवा हिने समोर ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याला त्याने अजून हातही लावला नव्हता. पाणी प्याल्यावाचून पाहुण्याने येण्याचे कारण बोलू नये, हा बोसुमासेतला जुना शिरस्ता. पण बोआतेन घाईत होता, आणि त्याची मोटार दारात धडधडत उभी होती.

“शुक्रवारी दरबार आहे. नवे नाना गादीवर बसतील. तुम्ही काठी घेऊन त्यांच्या शेजारी उभं राहायचं.”

“जुने नाना अजून मेलेले नाहीत, साहेब,” ओचामे क्वाबेना अम्पोफो म्हणाला. बोसुमासेत राजाला नाना म्हणत.

“मेलेले नाहीत, हे खरं. पण आहेत असंही नाही. काल रेडिओ ऐकला नाहीत का?”

अम्पोफोने तो ऐकला होता. सगळ्या गावाने ऐकला होता. कोकोचा भाव आणि फुटबॉलचा निकाल यांच्या मधोमध राजधानी अक्राच्या निवेदकाने सांगून टाकले, की सरकारने नाना बादू यांची मान्यता काढून घेतली असून लॉरीमालक क्वामे टुम यांना बोसुमासेचे राजे म्हणून मान्यता दिली आहे. निवेदकाचा आवाज कुठेही अडखळला नव्हता.

घाना गणराज्य होऊन एक पावसाळा झाला होता. पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या राज्यव्यवस्थेत जिल्ह्याजिल्ह्याला त्यांच्या पक्षाचा एक कमिशनर, त्याच्यावर अक्रा, आणि अक्रा ज्याला राजा म्हणेल तो राजा. ही रचना तर्काला सोडून होती, असे कोणी म्हणू नये. ज्या देशाला गावोगाव वेगळे तोंड आहे, तो एका आवाजात बोलणार कसा? हा युक्तिवाद अम्पोफोने बोआतेनपेक्षा चांगला मांडला असता, कारण युक्तिवाद हाच त्याचा धंदा होता. त्याला फक्त एवढेच कळत नव्हते, की इतका निर्दोष युक्तिवाद ऐकून आपल्याला काहीच का वाटत नाही.

बोसुमासेचा राजा प्रजेशी कधी स्वतः बोलत नसे. तो पुटपुटे; आणि सोन्याच्या मुठीची काठी घेऊन शेजारी उभा असलेला ओचामे ते शब्द दरबाराला ऐकवी. प्रजेचे म्हणणेही त्याच्यामार्फतच राजाकडे जाई. नाना बादू पुटपुटत, “हा बोकड आहे, हाकला याला.” अम्पोफो खणखणीत आवाजात सांगे, “नाना म्हणतात, या तरुणाला अजून पुष्कळ शिकायचे आहे, आणि शिकण्यासाठी घरासारखी दुसरी जागा नाही.” दरबार हसे, तरुणही हसे, आणि घरी जाई. वाईट राजा नसतो, वाईट ओचामे असतो, असे तिथे म्हणतात.

मोटार गेल्यावर सेरवा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

“घर गादीचं. कोकोची झाडं गादीच्या जमिनीवर. आणि तुम्ही तेवढे नानांचे! मग मी उद्या उखळात काय कुटू? तुमची निष्ठा?”

“टुमसाठी माझी जीभ वळायची नाही गं.”

“तो लॉरीच्या हॉर्नसारखा बोलतो. त्यालाच तर तुमची गरज आहे. निदान गावाचे कान तरी वाचतील.”

तिचे म्हणणे खोडून काढण्याजोगे नव्हते. दुसऱ्या दिवशी तो नानांची परवानगी मागायला निघाला.

नाना बादू आता जंगलाकडेच्या शेतावर, मजुरांच्या खोपटात राहत होते. ते कोकोची फळे फोडत बसले होते. अम्पोफोने वहाणा काढल्या, अंगावरचे वस्त्र खांद्यावरून खाली घेतले, तो वाकून उभा राहिला, आणि ते पुटपुटणे पकडण्यासाठी त्याने सवयीने कान पुढे केला.

“क्वाबेना, आलास? बस,” नाना म्हणाले.

त्या तोंडून आपले नाव त्याने कधी ऐकले नव्हते. आवाज जाड होता, थोडा चिरका. कोणत्याही म्हाताऱ्याचा असावा तसा. तो बसला नाही.

“टुमसाठी बोलावलंय ना तुला?”

“होय, नाना. आपण नको म्हणालात तर मी नाही जाणार. घर गेलं तर गेलं.”

“काठी माझी नव्हती. गादीची आहे. गादीला तोंड लागतंच, मग बसणारा कोणीही असो. तू जा.”

अम्पोफोने मागे वळून पाहिले. हे ऐकवण्यासारखे मागे कोणी नव्हते. दोन कोंबड्या सालींत चोची मारीत होत्या.

“हे मी लोकांना कसं सांगू, नाना?”

“लोकांना नको सांगूस रे,” म्हातारा म्हणाला. “तुला सांगतोय.”

आणि त्यांनी पुढचे फळ उचलले. आयुष्यभर अम्पोफोने दुसऱ्यांसाठी शब्द वाहिले होते. हे शब्द कुठे नेऊन ठेवावेत, ते त्याला ठाऊक नव्हते. परतीच्या वाटेवर त्याला रडू आले नाही. मुंग्या आलेला पाय जसा आपला वाटत नाही, तशी त्याला तोंडातली जीभ वाटत होती.

तरीही, एकदा जायचे ठरल्यावर काम चोख करायचे, या मताचा तो होता. टुम काय काय बोलेल, त्यातले काय गाळायचे, कशाला म्हणीचे अस्तर लावायचे, हे त्याने मनाशी घोळवून ठेवले.

शुक्रवारी ढोल वाजले, मोठी छत्री उघडली, आणि टुम तिच्याखाली बसला. अम्पोफो काठी रोवून शेजारी उभा राहिला आणि त्याने कान झुकवला. तेवढ्यात बोआतेन पुढे झाला. त्याच्या मोटारीच्या टपावर लाऊडस्पीकर बसवलेला होता. त्याने मायक्रोफोन टुमच्या हातात दिला.

“थेट बोला, नाना. शेवटच्या रांगेपर्यंत जाईल.”

“बोसुमासेच्या लोकांनो!” टुमचा आवाज बाजारापलीकडच्या झाडांवर आपटून परत आला. “ज्यांनी पक्षाचं कार्ड घेतलं नाही, त्यांनी ते घ्यावं! नाहीतर तुमचा कोको कोण उचलतो ते मी बघतो!”

आपण हे कसे सांगितले असते, ते अम्पोफोला शब्दन् शब्द ठाऊक होते. पक्षाची तरुण मंडळी टाळ्या वाजवीत होती. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मात्र लाऊडस्पीकरकडेही पाहत नव्हत्या आणि टुमकडेही नाही. त्या अम्पोफोच्या तोंडाकडे पाहत होत्या. ते मिटून, काठी सरळ धरून, भाषण संपेपर्यंत तो उभा राहिला.