ज्ञानेशच्या लीडचा ट्रेबल

ज्ञानेश तसा गरीब स्वभावाचा माणूस. कंपनीत सुपरवायझर बोलला तरी खाली मान घालून ऐकून घ्यायचा, चिखलीतल्या भाड्याच्या खोल्यांत पाणी आलं नाही तरी घरमालकाशी भांडायचा नाही. पण गिटारच्या आवाजाला कुणी नावं ठेवली की त्याचं डोकं सटकायचं. आणि वर्षभर झालं, तो आवाजच त्याच्यावर रुसून बसला होता.

गिटार तो एका हौशी ऑर्केस्ट्रात वाजवायचा. सोसायट्यांचे वर्धापनदिन, हळदी, गणपती, असले कार्यक्रम. त्याच्या पायाशी बटणांचा एक प्रोसेसर असे. एक बटण दाबलं की गिटार साधी, स्वच्छ वाजते. दुसरं दाबलं की तिच्यात खरखर येते. तिसरं दाबलं की लीडचा, म्हणजे गाण्यात गिटार एकटी पुढे येते तेव्हाचा लांब, ताणलेला सूर. या एकेका आवाजाला प्रीसेट म्हणतात, आणि खरी डोकेदुखी असते ती त्यांचं एकमेकांशी जमवून देण्यात. साध्यावरून लीडवर गेलं की आवाज किंचित वर यायला हवा. जास्त वर आला तर गायिका बुडते, खाली राहिला तर वादकाची नुसती बोटंच हलताना दिसतात. घरी हेडफोन लावून जुळवलेलं सगळं मंडपात फसतं, हे नवशिक्यांना कळत नाही. ज्ञानेश काही नवशिका नव्हता. तो कार्यक्रमाच्या आधीच पोचायचा आणि पायाशी ठेवलेला स्पीकर पूर्ण आवाजात लावून एकेक प्रीसेट दुसऱ्याशी ताडून बघायचा.

तरीही लीडला धार येईना. तारेला बोट लागल्याबरोबर जी चकाकी उमटते, ती कुणी पुसून टाकल्यासारखी वाटायची. त्याने तारा बदलल्या, केबल बदलली, प्रोसेसर दुकानात नेऊन दाखवला. दुकानदार म्हणाला, याला काहीही झालेलं नाही. मग ज्ञानेश दर कार्यक्रमाला ट्रेबल, म्हणजे आवाजातला बारीक, धारदार भाग, थोडा थोडा वाढवत गेला, लीडचा आवाजही वाढवत गेला. ऑर्केस्ट्रातलं कुणी चकार शब्द काढत नव्हतं, तेव्हा आपलं बरोबरच चाललंय असं त्याने धरून घेतलं. मिक्सरवर रविराज बसायचा. तो चिखलीचाच, जुन्या शेतकरी घरातला. साउंड सिस्टीम त्याच्या मालकीची, आणि ज्ञानेशचा जिवाभावाचा दोस्त. कार्यक्रम संपला की पाठीवर थाप मारून म्हणायचा, "आज लीड लय भारी वाजला, भावा." ज्ञानेश त्या एका वाक्यावर पुढचा आठवडा काढायचा.

त्या रविवारी एका सोसायटीत कार्यक्रम होता आणि रविराजला मावसभावाच्या लग्नाला जावं लागलं. त्याने कासारवाडीचा एक साउंडवाला बसवून दिला. दुसऱ्याच गाण्यात लीड होता. ज्ञानेशने डोळे मिटून बटण दाबलं आणि जीव ओतून पहिला सूर ओढला. डोळे उघडले तर पुढच्या रांगेतल्या बायका कानांवर हात ठेवून बसलेल्या. एक तान्हं पोर रडायला लागलेलं. गायिका मोनिका गाता गाता मागे वळून त्याच्याकडे बघत होती. पुढच्याच क्षणी त्याची गिटार सगळ्या स्पीकरांतून गायब झाली. उरलेला लीड ज्ञानेशने मुक्या तारांवर वाजवला.

गाणं संपताच तो तडक मिक्सरकडे गेला.

"माझा आवाज कामून खाल्लास रे?"

"दादा, लोकांचे कान फुटायची वेळ आली होती," साउंडवाला हबकून म्हणाला. "किती ट्रेबल लावलाय तुम्ही!"

"रविराजला कधी जास्त वाटला नाही. तूच मोठा शहाणा लागून गेलास!"

साउंडवाल्याने एक बटण उगाच फिरवलं. मग मिक्सरकडे बघतच म्हणाला, "रविराजभाऊंनी फोनवर सांगितलं होतं मला. गिटारचा ट्रेबल मिक्सरवर पूर्ण कापून ठेव, लीड आला की आवाज निम्म्यावर आण आणि ज्ञानेशला कळू देऊ नको. मला वाटलं, मस्करी करतायत. एवढा मुरलेला वादक, त्याच्या टोनला आपण कशाला हात लावायचा, म्हणून मी काहीच कापलं नाही."

ज्ञानेश माघारी स्टेजवर गेला. बाकीची गाणी त्याने साध्या आवाजावरच कशीबशी उरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो प्रोसेसर आणि गिटार घेऊन रविराजच्या गोडाऊनवर गेला. रविराज स्पीकर पुसत होता. ज्ञानेशचा चेहरा बघून त्याने फडकं खाली ठेवलं.

"कधीपासून?" ज्ञानेशने विचारलं.

"मागल्या गणपतीपासून."

"मला कामून नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुला ऐकाय येत न्हाई, आता बस घरी, आसं सांगू?" रविराजचा आवाज चढला आणि लगेच पडला. "आमी समद्यांनी मिळून ठरवलं व्हतं. तुझ्या पायाशी तुझा आवाज तुला द्यायचा, लोकांस्नी कापून द्यायचा. चाललं व्हतं की नीट."

शिव्या दिल्या असत्या तर ज्ञानेशने सोसल्या असत्या. ही माया त्याला सोसवेना. वर्षभर लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या रविराजने कापून दिलेल्या आवाजाला, आणि आपण फुशारकीने मान डोलावत राहिलो, हे त्याच्या काळजात रुतून बसलं.

खरं तर न कळण्यासारखं काही नव्हतं. लग्नाआधीपासून तो चाकणच्या कंपनीत प्रेसवर होता. दिवसभर पत्र्यावर डाय, म्हणजे लोखंडी साचा, आदळायची. इअरप्लग मिळायचे, पण ते खिशातच राहायचे, कारण डाय नीट बसतेय की नाही ते कानांनीच कळतं. दर वर्षी कानांची तपासणी व्हायची. बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. नाही आली, तर तपासणाऱ्याचा हात हलला की दाबायचं, ही युक्ती साऱ्या लाइनला पाठ होती. नापास झालं तर पॅकिंगला टाकतात आणि ओव्हरटाइम जातो. मूर्खपणा म्हणा हवं तर, पण घर त्याच ओव्हरटाइमवर चाललं होतं.

"दिपालीला माहीत आहे?" त्याने बायकोबद्दल विचारलं.

"वहिनीच पयलं बोलल्या मला. दिव्या हाका मारती आन तुला पत्ता नसतो म्हणं."

ज्ञानेश एका स्पीकरवर बसला. दिव्या त्याची दुसरीतली मुलगी. तोंडातल्या तोंडात पुटपुटू नको, नीट बोल, म्हणून तो तिच्यावर ओरडायचा. हल्ली ती त्याच्याशी फारसं बोलतच नव्हती.

ज्ञानेश उठला. मग ज्ञानेशनेच प्रोसेसर जोडला आणि रविराजपुढे सरकवला.

"तू लाव. तुझ्या कानाला बरोबर वाटेल तसं."

रविराज आधी नको नको म्हणाला, मग मांडी घालून बसला. ज्ञानेश वाजवत गेला, रविराज एकेक बटण फिरवत गेला. ट्रेबल पार खाली आला. साधा, खरखरीत, लीड, पुन्हा साधा, अशा उड्या मारून तिन्ही आवाज एका पातळीवर आणले, लीड किंचित वर ठेवला. ज्ञानेशला लीड गोधडीत गुंडाळल्यासारखा ऐकू येत होता.

"आता बसला बघ," रविराज म्हणाला. "सेव्ह करू?"

"कर."

जुना लीड पुसला गेला. ज्ञानेशने सगळ्यात बारीक तारेवर एक सूर ओढला आणि बोट दाबून धरलं.

"कसा वाजतोय?"

"मस्त हाय."

"तसं नको. मला समजेल असं सांग."

रविराजला असं बोलायची सवय नव्हती. त्याने मान खाली घातली आणि ऐकू लागला. "नव्या पत्र्यावर सकाळचं ऊन पडतं ना, तसा हाय. डोळं दिपत्यात, पर बघावंसं वाटतं. आन आता बारीक व्हत चाललाय. लांब चाललाय."

ज्ञानेशला तो सूर केव्हाच ऐकू यायचा थांबला होता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तारेवरचं बोट त्याने उचललं नाही.

"अजून आहे का?" त्याने विचारलं.

"हाय," रविराज म्हणाला. "अजून हाय."