बांधावरची मुळं

तो पोकलेन चालवायचा, झाडं उपटायचा आणि सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. दाढ काढणारा डॉक्टर. त्याच्या हातून मूळ तुटत नसे, एवढंच त्याचं कारण. दुसरे ऑपरेटर झुडपाच्या बुंध्याला बकेट लावून हिसका देत. खोड हाती येई, अर्धं मूळ मातीत राही आणि वर्षभरात तिथूनच चार नवे धुमारे फुटत. डॉक्टर खोड चिमट्यात धरी, आधी एका अंगाला हलकेच वाकवी, मग दुसऱ्या अंगाला, आणि माती सैल झाली की सरळ वर ओढी. झाड मुळासकट अख्खं बाहेर येई. मग इंजिनाचा आवाज कमी करून तो त्या मुळांकडे क्षणभर बघत बसे. एवढं समाधान त्याला संसारातसुद्धा कधी मिळालं नव्हतं, पण हे तो कुणापाशी बोलत नसे.

मशीनच्या हाताला लावायची चार अवजारं त्याच्याकडे होती आणि बकेट सोडून बाकीच्यांना त्यानं आपली नावं ठेवली होती. झुडपं जमिनीलगत दळून काढणारा दातेरी ढोल म्हणजे चक्की. कापलेला पाला आणि फांद्या ओढून गोळा करणारी ती फणी. आणि दोन जबड्यांचा, त्याचा लाडका चिमटा.

शहराच्या वरच्या अंगाला पाणीपुरवठ्याचा तलाव होता आणि ते पाणी अडवून धरणारा मातीचा जुना बांध. बांधाच्या बाहेरच्या उतारावर, पाण्याच्या उलट बाजूला, वीस वर्षांत झुडपांचं आणि लहान झाडांचं रान माजलं होतं. शुक्रवारी तपासणीला इंजिनिअर मॅडम येणार होत्या. त्याआधी उतार मोकळा व्हायला हवा होता. कामाचा कागद मुकादमानं फोनवर पाठवला होता. त्यात सातव्या ओळीत लिहिलं होतं, की तलाव भरलेला असताना मुळं उपटू नयेत, झाडं फक्त जमिनीलगत कापावीत. पुढे डॉक्टरनं पुष्कळदा मनाशी घोळवून पाहिलं, की आपण ती ओळ वाचलीच नसेल, निदान नीट वाचली नसेल. पण नाही. वाचली होती.

सोमवारी सकाळी चक्कीचं बेअरिंग गेलं.

"कधी मिळतंय?" मुकादमानं विचारलं.

"वर्कशॉपवाला शनिवार म्हणतोय."

"म्हणजे शुक्रवारी मॅडम माझी बिनपाण्यानं करणार. आणि तो चिमटा काय शोभेला आणलाय, डॉक्टर?"

"कागदात उपटू नका म्हटलंय."

"खुर्चीत बसून लिहिणाऱ्याला तुमचा हात माहीत असता तर असं लिहिलं असतं का? बुंधे ठेवून जा खुशाल. पुढच्या वर्षी इथे पुन्हा हेच रान. लोक म्हणतील, डॉक्टरनं अर्ध्या दाढा तशाच सोडल्या."

माणसाला कुठे धरायचं हे मुकादमाला बरोबर कळत असे. डॉक्टरनं चक्की उतरवली आणि चिमटा चढवला.

बांधाच्या पायथ्याशी नऊ घरांची एक गल्ली होती. त्यातलं शेवटचं, बांधाला पाठ लावून बसलेलं घर त्याच्या थोरल्या बहिणीचं. काम असेपर्यंत तो तिच्याकडेच उतरला होता. भावोजी जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात ताई आणि मागच्या खोलीत, खिडकीपाशी कॉटवर, तिच्या सासूबाई. त्यांचे पाय गेले होते. कान शाबूत होते आणि जिभेला तर धक्कासुद्धा लागला नव्हता.

"आला का हजामत करून?" मंगळवारी दुपारी तो जेवायला आला तेव्हा त्यांनी आतूनच विचारलं. "सगळा बांध बोडका केलास. ऊन थेट माझ्या डोळ्यांवर येतंय."

"आई, त्याला जेवू तरी द्या," ताई म्हणाली. "छोट्या, हात धू आधी. काय ते हात!"

छोट्याला बावन्नावं सरत होतं. तो मुकाट्यानं हात धुऊन पाटावर बसला.

"सव्वीस काढली," तो म्हणाला. "एकाचंही मूळ तुटलं नाही."

"तुझं कौतुक करायला दुसरं कुणी लागतच नाही." ताईनं ताट पुढे सरकवलं आणि खिडकीतून वर पाहिलं. "झाडं होती तेव्हा तो बांध आहे हे विसरायला व्हायचं बघ. आता एकसारखं लक्ष जातं. केवढं पाणी असेल रे त्याच्यामागे?"

"काठोकाठ आहे."

"असं तोंड भरून सांगू नकोस. जेव."

बुधवारी दुपारपर्यंत उतारावर एकच झाड उरलं. खोड मांडीएवढं जाड, बांधाच्या अगदी खालच्या अंगाला. डॉक्टरनं ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्यानं चिमटा बसवला, डावीकडे वाकवलं, उजवीकडे वाकवलं. माती फुगली, भेगाळली, पण झाड काही केल्या येईना. एक मूळ सरळ आत, पाण्याच्या दिशेला गेलं होतं. आता कुणीही असता तर त्यानं एक हिसका दिला असता आणि मूळ तुटून जागच्या जागी राहिलं असतं. डॉक्टरनं हिसका दिला नाही. इंच इंच करत, श्वास धरून, तो ते ओढत राहिला, आणि मूळ येत राहिलं. हातभर, पुरुषभर, त्याहून जास्त. आडातून दोर ओढावा तसं ते संपेचना. शेवटी त्याचं टोक बाहेर आलं. मनगटाएवढं जाड, काळं पडलेलं, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

त्यानं इंजिन बंद केलं. खड्ड्याच्या आतल्या बाजूला जिथून मूळ निघालं होतं तिथे एक गोल भोक दिसत होतं. थोडा वेळ त्यातून काहीच आलं नाही. मग आत कुणीतरी घसा खाकरावा तसा आवाज झाला आणि अंगठ्याएवढी धार सुरू झाली. पिवळट, गढूळ.

डॉक्टरनं आधी पाण्याकडे पाहिलं नाही. आधी आजूबाजूला पाहिलं. मुकादम वर फोनवर कुणाशी तरी हसून बोलत होता; दुसरं कुणी नव्हतं. त्यानं चिमटा सोडवून बकेट चढवलं. तीन मिनिटांचं काम, पण पिन भोकात बसता बसेना. शेजारची चिकण माती ओरबाडून त्यानं खड्ड्यात लोटली आणि बकेटच्या पाठीनं ठोकली. पुन्हा लोटली, पुन्हा ठोकली. धार बारीक झाली, मग नुसती ओल राहिली, मग तीही दिसेनाशी झाली. तसेच त्यानं बाकीचे तीस खड्डेही बुजवून सारखे केले. संध्याकाळी मुकादम खाली आला तेव्हा उतार तळहातासारखा साफ होता.

"काय काम आहे!" मुकादम म्हणाला. "उद्या फणी फिरवा, की झालंच. चेहरा का असा?"

"उन्हानं," डॉक्टर म्हणाला.

सांगायचं होतं तर ती वेळ होती. पण पाणी थांबलं होतं. थांबलेल्या पाण्याबद्दल काय सांगणार? त्यानं ताईला फोन करून कळवलं, की मशीन उघड्यावर आहे, डिझेल चोरीला जातं, तेव्हा आज मी वर तलावाच्या चौकीतच झोपतो. ताई म्हणाली, बरं, पांघरूण घेऊन जा. तो ते घ्यायला गेला नाही. पांघरुणासाठीसुद्धा त्या घरात पाऊल टाकायचं त्याच्या जिवावर आलं.

गुरुवारी सकाळी उजाडल्यावर त्यानं आधी तो बुजवलेला खड्डा पाहिला. कोरडा होता. हायसं वाटून तो चहाला खाली उतरला.

ताई मागच्या अंगणात होती. साडी खोचलेली, समोर दोन बादल्या आणि एक टब.

"ये, ये, गंमत बघ," ती म्हणाली. "नळाला पाणी नाही आणि अंगणात झरा! पहाटे उठले तर भिंतीच्या बुडातून नुसतं वाहतंय. पाइप फुटलाय कुठेतरी. प्लंबरला फोन केलाय, पण म्हटलं तो येईपर्यंत भांडी तरी घासून घेऊ."

आतून सासूबाई ओरडल्या, "रात्रभर माझ्या कॉटखाली बुडबुड वाजतंय! सांगितलं तर म्हणते, तुम्हाला भास होतात!"

डॉक्टर बादलीपाशी वाकला. वरचं पाणी निवळलं होतं. तळाशी बोटभर गाळ बसला होता. त्यानं हात घालून तो वर काढला आणि चिमटीत चोळला. पिवळी, लोण्यासारखी मऊ माती. अंगणातली माती काळी होती. ही पिवळी त्यानं काल दिवसभर पाहिली होती. ती बांधाच्या पोटातली होती.

तो तसाच ओल्या हातानं गल्लीत गेला. कामाच्या कागदावर खाली मॅडमचा नंबर होता, तो त्यानं लावला.

"मॅडम, मी बांधावरचा पोकलेनवाला. पायथ्याच्या घरात पाणी येतंय."

"स्वच्छ की गढूळ?"

"गढूळ. पिवळी माती येतेय बरोबर."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "झाडं तुम्ही कापलीच ना फक्त?"

हो म्हटलं असतं तरी त्या क्षणी कुणाला कळणार नव्हतं. त्याच्या मनात ते आलं, आणि येऊन गेलं.

"उपटली. एकतीस. काल शेवटच्या खड्ड्यातून धार लागली होती. मी माती ठोकून बंद केली."

"बंद केली," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं त्याला वाटलं. "ते पाणी बंद होत नसतं हो. ते दुसरी वाट काढतं आणि जाताना आतली माती घेऊन जातं. घरं किती आहेत?"

"नऊ."

"सगळ्यांना बाहेर काढा. आत्ता. गल्लीतून खाली नाही, बाजूच्या चढावर न्या. मी तलावाचे दरवाजे उघडायला सांगते, पण पातळी उतरायला दोन दिवस लागतील. रेती आणि खडी घेऊन मी निघालेच."

डॉक्टरनं दारं ठोठावली. कुणी शिव्या घातल्या, कुणी अर्ध्या दाढीनं बाहेर आलं. सासूबाईंना त्यानं आणि शेजारच्या शिंप्यानं कॉटसकट उचललं. "मी कुठेही यायची नाही," त्या म्हणत होत्या. कॉट खोलीच्या दाराबाहेर पडली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं. कॉटच्या जागी फरशी वर उचलली होती आणि तिच्या कडेनं पाणी पाझरत होतं. त्यांनी कॉटची कड दोन्ही हातांनी धरली.

चढावर पोचल्यावर ताईनं त्याचा दंड धरला.

"तुला कधी कळलं?"

"आत्ता. बादलीत माती बघितली तेव्हा."

"छोट्या."

तो पायांकडे बघत राहिला. "काल दुपारी."

ताईनं हात सोडला. "म्हणून तू रात्री आला नाहीस," ती हळूच म्हणाली. आणि सासूबाईंच्या पायांवरची चादर सारखी करायला वळली. चादर सारखीच होती.

तासाभरात मॅडम आल्या, मागून दोन डंपर. ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई. आल्या आल्या त्यांनी बांध खालपासून वरपर्यंत पाहिला. मुकादम पुढे होऊन काही सांगू लागला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं.

"मशीन बांधावर न्यायचं नाही," त्या डॉक्टरला म्हणाल्या. "खालूनच काम. पाणी अडवायचं नाही, येऊ द्यायचं. त्याच्याबरोबर येणारी माती तेवढी अडवायची. आधी रेती, वर खडी. थरावर थर. जमेल?"

"अंगणात मशीन जायला वाट नाही."

"मग वाट करा."

वाट एकच होती. त्यानं बकेट ताईच्या कुंपणाच्या भिंतीला लावलं. भिंत आडवी झाली, मागोमाग न्हाणीघर, मग मागच्या खोलीचा कोपरा. चढावर ताई उभी होती, हे त्याला दिसत होतं. तिनं तोंड फिरवलं नव्हतं.

त्यानं रेती टाकली. रेती गढूळ पाण्यात विरघळल्यासारखी नाहीशी झाली. आणखी टाकली. मॅडम गुडघाभर पाण्यात उभ्या राहून बाटली भरत, उन्हात धरून बघत आणि ओतून देत.

"माती?" त्यानं केबिनमधून विचारलं.

"आहे अजून. टाका."

पाचव्या खेपेला बकेट वळवताना त्याची नजर वर गेली. सफाचट उतारावर, काल बुजवलेल्या खड्ड्याच्या थोडं वर, भेगेची एक बारीक रेघ उमटली होती, आडवी, दोन-तीन माणसांएवढी लांब. सकाळी ती नव्हती. झाडं असती तर दिसलीही नसती. त्यानं मॅडमकडे पाहिलं. त्याही तिकडेच बघत होत्या.

"तुम्ही आता उतरलात तरी मी काही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या.

डॉक्टर उतरला नाही. त्यानं मशीन वळवलं, बकेट खडीत घातलं आणि भरून घेतलं. मॅडमनी पुन्हा वाकून बाटली पाण्यात धरली.