एकशे बारा नंबरचा आडमुठा माणूस

"रंग चढला म्हणजे धागा कळला, असं समजू नये गं पोरी," आई म्हणायची. कापडं रंगवणारी बाई ती. हात कोपरापर्यंत निळे. मी तिची लेक, प्रयोगशाळेत काचपट्ट्या रंगवते. आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीचा केसाहून पातळ काप, त्यावर औषधाचे थेंब. एक ठरावीक प्रथिन असलं की काप तपकिरी होतो. आमच्या मोठ्या सरांचा सिद्धांत असा, की जितका रंग गडद, तितकं आयुष्य थोडं. गर्द तपकिरी म्हणजे दोन वर्षं. सटवाईचं अक्षर सरांना सूक्ष्मदर्शकातून लागतं!

सरांचा आलेख मोठा देखणा. गर्द तपकिरी मंडळी शहाण्यासारखी वेळेवर गेली होती. एकशे बारा नंबरचा तेवढा चार वर्षं झाली तरी जायचं नाव घेईना.

"फोन केलात?" सरांनी विचारलं.

"केला सर. स्वतःच उचलला," नोंदी ठेवणाऱ्या बाई म्हणाल्या. "वर मलाच विचारतात, तब्येत बरी ना?"

सरांचा चेहरा उतरला. "तोच बोलला कशावरून? शुक्रवारपर्यंत सही केलेला हयातीचा फॉर्म आला तर ठीक. नाहीतर 'संपर्क तुटला' लिहा आणि वगळा."

मी खाली मान घालून काचा धूत राहिले. एकशे बारा म्हणजे माझे भावोजी, ताईचा नवरा. नमुना मीच नोंदवला होता. तेव्हापासून त्यांचे सगळे टोमणे मी गोड मानून घेत आले. "मेहुणी भांडेना, म्हणजे काहीतरी भानगड आहे," ते म्हणायचे.

संध्याकाळी फॉर्म घेऊन ताईकडे गेले. भावोजी शिडीवर चढून पंखा पुसत होते. ताई शिडी धरून ओरडत होती, "पडलात तर मला हाक मारू नका!"

"भावोजी, इथं सही हवी."

"कशाबद्दल?"

"तुम्ही जिवंत आहात याबद्दल."

"ते तुझ्या ताईला विचार. कामाला हाक मारून मी हललो नाही, की तिला वीस वर्षं हीच शंका येते."

ताई खळखळून हसली. मला हसू फुटेना. भावोजी ते पाहून एकेक पायरी उतरले, चष्मा लावून फॉर्म वाचला.

"गाठ तपासायला दिली तेव्हा सही केली होती. आता माझ्या जगण्यावरच संशय का गं?"

"तुमची काच मीच रंगवली, भावोजी. गर्द तपकिरी आली, आणि तुम्ही जगलात म्हणून सरांचा आलेख बिघडतो. दोनच वर्षं आहेत तुमची, असं धरून मी रोज तुमच्याशी बोलत होते. ताईलासुद्धा सांगितलं नाही."

भावोजींनी फॉर्मवर झोकात सही ठोकली आणि म्हणाले, "घे, आता उद्यापासून भांडायला लाग!"