सोमवारचा ट्रे

"तू हात लावू नकोस. बाजूला उभी राहा आणि नुसती बघ."

वडील जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी त्यांचा हा आवाज माईंच्या कानातून हलला नव्हता. मोठ्या सिस्टरांनी टेबलावर स्टीलचा ट्रे ठेवला तेव्हाही सगळ्यांत आधी तोच ऐकू आला.

"चिमटे बारा हवेत. आहेत दहा," सिस्टर म्हणाल्या. "पेशंट टेबलावर, डॉक्टर हात धुऊन उभे. नशीब, सुरू करायच्या आधी मोजले. कोणी भरला हा?"

रुग्णालयाच्या तळघरातली ती खोली. शस्त्रक्रियेची हत्यारं इथं धुवायची, मोजायची, कापडात बांधून वाफेच्या यंत्रात घालायची. प्रत्येक गाठोड्यात भरणारीच्या सहीची चिठ्ठी असते. या गाठोड्यातल्या चिठ्ठीचा वाफेनं लगदा झाला होता.

चिमणी म्हणून सगळे जिला हाक मारत ती नवी मुलगी खाली मान घालून कापडाच्या घड्या घालत राहिली.

"माझ्याच हातून झालं," माई म्हणाल्या.

"नक्की?"

"हो सिस्टर. दहा मोजून झाले आणि फोन वाजला. मी उठले. उरलेले दोन तिथं खिडकीपाशी टॉवेलवर राहिले. परत आले आणि तशीच गाठ मारली. अगदी डोळ्यांसमोर आहे माझ्या."

सिस्टरांनी सुस्कारा सोडला. गुरुवारी या खोलीच्या इन्चार्जच्या जागेची परीक्षा होती. नोकरीच्या नोंदीत शेरा पडला की माईंना बसता येणार नव्हतं आणि पुढच्या वर्षी वय उलटणार होतं. अठरा वर्षं ज्या खोलीत हात झिजवले, त्या खोलीत शेवटपर्यंत हाताखालची बाई म्हणूनच राहायचं. माईंना मात्र याही क्षणी आतून हायसं वाटलं. बरं झालं, आता जायला नको.

"वाईट वाटतं हो लिहायला," म्हणत सिस्टरांनी पेन काढलं. शेऱ्यात तारीख लागते म्हणून त्यांनी गाठोड्यावरची, भरल्याची तारीख-वेळ लिहिलेली चिकटपट्टी जवळ ओढली. वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग हजेरीचं पुस्तक उघडलं आणि माईंच्या पुढ्यात सरकवलं.

"हे काय आहे?"

"माझी रजा. सोमवारची. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं ना."

"आणि ट्रे कधी भरलाय?"

माईंनी पट्टीवर बोट टेकलं. सोमवार. सकाळचे साडेअकरा. साडेअकराला त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, डोळ्यांच्या दवाखान्यात, सासूबाईंची चप्पल हातात धरून बाकावर बसल्या होत्या.

माई स्टुलावर बसल्या.

"पण मला आठवतंय, सिस्टर! टॉवेल, फोन... मी खोटं नाही हो बोलले. देवाशप्पथ."

"तेच तर. खोटं बोलला असतात तर रागावले असते. आता तुम्हाला काय म्हणू?"

चिमणीच्या हातातली घडी सुटली. "मीच भरला होता," ती रडत म्हणाली. "मी सांगणारच होते माई, खरंच! पण तुम्ही इतकं बारीकसारीक सांगितलंत, मला वाटलं, असेल बाई, यांनीच भरला असेल."

कोणालाच हसू आवरेना, आणि नीट हसताही येईना. सिस्टरांनी चिमणीला महिनाभर प्रत्येक ट्रे दुसऱ्या बाईकडून मोजून घ्यायला सांगितलं आणि डोळे धुवायला पाठवलं. मग दार लोटलं.

"मागच्या परीक्षेला का नाही आलात?"

"पोरीला ताप होता."

"किती?"

माई हळूच म्हणाल्या, "नव्हता. अंग जरा कोमट लागलं. मीच चार वेळा थर्मामीटर लावला. चढेल, चढेल म्हणून."

"आणि त्याच्या आधीच्या?"

"बस चुकली."

"माई."

"आली होती बस. थांबली. कंडक्टरनं विचारलंसुद्धा, बाई, यायचं का? मी नाही म्हटलं."

हे आजवर त्यांनी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, देवापुढे हात जोडतानाही उच्चारलं नव्हतं. कोणी त्यांना अडवलं नव्हतं. न केलेली चूक अंगावर घेताना जीभ अडखळली नव्हती, आणि समोर उभ्या बसमध्ये पाय टाकवला नव्हता. वडील म्हणायचे तशा धांदरट आहोत म्हणून तीन-तीनदा मोजायची सवय लागली, त्या सवयीनं अठरा वर्षांत त्यांचा एकही ट्रे परत आला नाही. पण तो हिशेब मनानं कधी धरलाच नाही.

"मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "नापास होण्याची नाही. पास झाले तर सगळ्यांना कळेल."

"काय कळेल?"

काय कळेल, हेच माईंना सांगता येईना.

शेऱ्याचा कागद सिस्टरांनी फाडला. "शप्पथ नको. नुसता शब्द द्या. गुरुवारी नऊला."

"येईन," माई म्हणाल्या. आवाज आपलाच का, असं त्यांना वाटलं.

गुरुवारी उठल्या त्याच कपाळ ठणकत. नवरा दाढी करता करता आरशातून म्हणाला, "चेहरा उतरलाय तुझा. झोप जरा. पुन्हा कधीतरी देता येईल."

"पुन्हा नाहीये."

"बघ बाई. नंतर डोकं धरून बसू नकोस."

"दुखतंय खरं," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून सासूबाईंच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायला वाकल्या. दोन थेंब, मोजून दोनच.

"कुठं निघालीस इतक्या सकाळी?" मिटल्या डोळ्यांनी सासूबाईंनी विचारलं.

"परीक्षा आहे, आई."

"कुणाची?"



"माझी."

माईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, पिशवी खांद्याला अडकवली, आणि निजलेल्या मुलीला जाग येऊ नये म्हणून दार हलकेच ओढून घेत त्या जिना उतरू लागल्या.