दोन दिवस शांतता

"आवाज कितीही बारीक आला तरी बटण दाबायचं," मी त्याला सांगितलं आणि खोलीचं जाड दार लावून घेतलं.

काचेपलीकडे तो हेडफोन लावून बसला. मी यंत्राला हातच लावला नाही. एकही आवाज सोडला नाही. मिनिटभरात त्याने पाच वेळा बटण दाबलं.

म्हणजे ऐकलं होतं तसाच होता; माणूस बदलला नव्हता.

एकवीस वर्षं मी या दवाखान्यात कान तपासतो. आम्ही कधी भेटलो नव्हतो, त्यामुळे त्याने मला ओळखायचा प्रश्नच नव्हता. मी मात्र केसपेपरवर कारखान्याचं नाव वाचलं, खाली 'सुपरवायझर, प्रेस विभाग' वाचलं, आणि ओळखलं. माझी बायको त्याच्या हाताखाली सहा नंबरच्या प्रेसवर अठरा वर्षं पत्र्यातून डब्यांची झाकणं कापून काढत होती. गेल्या वर्षी ती गेली.

त्याच्या आधी चार वर्षं तिच्या कानाशी हवेचा पाइप फुटला होता. इथल्या डॉक्टरबाईंनीच तिला तपासलं आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. कानाच्या आत, अगदी खोल, बारीक केसांच्या पेशी असतात. एका केसाचं टोक शेजारच्या केसाला प्रोटीनच्या धाग्याने बांधलेलं असतं. आवाज आला की केस झुकतात, धागा ताणला जातो, पेशीचं दार उघडतं आणि आपल्याला ऐकू येतं. मोठा दणका बसला तर धागा तुटतो. शांतता मिळाली तर पेशी दोनेक दिवसांत नवा धागा घालते. त्यातच पुन्हा गोंगाट झाला तर पेशीच मरते, आणि मेलेली पेशी परत येत नाही.

"म्हणजे उसवलेलं शिवायला दोन दिवस," ती म्हणाली होती. "तेवढे देतील की हो."

बाईंची चिठ्ठी घेऊन ती कारखान्यात गेली. सुपरवायझरने चिठ्ठीची घडी केली आणि आपल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली. "कान आहे की जागेवर. जा," म्हणाला. घरी येऊन तिने मला हे हसत सांगितलं. मी म्हणालो, सोड नोकरी. ती म्हणाली, मग खायचं काय, तुमची यंत्रं?

वर्षभरात तिचे दोन्ही कान गेले. मग ती माझ्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायची. शेवटच्या दिवशी वॉर्डात नर्सने तिचा चष्मा काढून ठेवला होता. मी काय बोललो ते तिला कळलं नाही.

आता हा माझ्यासमोर बसला होता. काल याच्याही कानाशी तसाच पाइप फुटला होता. पाइप बदललेच नव्हते.

मग मी त्याची खरी तपासणी केली. बारीक, उंच पट्टीचे आवाज दोन्ही कानांना जवळजवळ ऐकूच येत नव्हते. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी लिहिली आणि माझ्या हातात दिली. "दोन दिवस पूर्ण शांतता. नीट समजावून सांगा आणि रजिस्टरमध्ये सही करा."

तो चिठ्ठी उलटसुलट बघत म्हणाला, "मास्तर, पडदा शाबूत आहे म्हणाल्या बाई. मग ही कटकट कशाला? उद्या माल काढायचाय. मी नसलो की बायका गप्पा हाणत बसतात."

"प्रेसपाशी गप्पा ऐकू येतात?"

"ओठ हलताना दिसतात ना," तो हसला. "तुमचं रोजचं काम आहे, तुम्हीच सांगा. गेलो तर चालेल ना?"

मी नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"कान आहे की जागेवर," मी म्हणालो. "जा."

त्याला फार बरं वाटलं. "बघा, मी हेच सांगतो सगळ्यांना." चिठ्ठी खिशात घालून तो गेला. रजिस्टरमध्ये 'समजावून सांगितले' असा रकाना आहे. तिथे मी सही केली.

घरी जाऊन पोटभर जेवलो. झोपही लागली. खोटं कशाला लिहू.

तिसऱ्या दिवशी मात्र चैन पडेना. सूड घेतला तर तो कशाचा, हे त्याला कळायला नको का? दुपारी केसपेपर काढला आणि दवाखान्यातल्या फोनवरून त्याच्या कारखान्याच्या प्रेस विभागाला फोन लावला. त्यानेच उचलला.

"हॅलो, कोण?"

"सहा नंबरच्या प्रेसवर जी बाई होती, तिचा नवरा बोलतोय."

"मोठ्याने बोला हो."

"तिने तुमच्याकडे दोन दिवस मागितले होते. तुम्ही तिची चिठ्ठी टेबलाखाली घातलीत."

"काही कळत नाही. कानात नुसती शिट्टी वाजतेय. कोण बोलतंय?"

मी ओरडून सांगितलं. बाहेरच्या बाकांवरचे पेशंट माझ्याकडे बघायला लागले.

"मालाचं ना? उद्या पाठवतो, उद्या," तो म्हणाला. फोन बंद केला असं त्याला वाटलं असावं, पण रिसीव्हर नीट बसलाच नव्हता. त्याची पावलं लांब गेली आणि मागे प्रेस पडत होती ती स्पष्ट ऐकू यायला लागली. एक दणका, श्वास घेता येईल एवढी फट, पुन्हा दणका. अठरा वर्षं ती या आवाजात उभी होती. मी तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

पुढचा पेशंट दारात येऊन उभा राहिला. मी त्याला हाताने बसायची खूण केली आणि रिसीव्हर कानालाच लावून ठेवला.