देवघरावरचे कवेलू

माझे सासरे नागनाथ यांना कुणी स्वयंसेवक म्हटलं की मला आधी हसू येतं, मग राग. जिवंत होते तोवर गावाच्या तोंडी ते नागन्याच होते. मेल्यावर सुधारणा झाली.

आमचं गाव तेलंगणात, आदिलाबादकडच्या तामसीच्या बाजूचं. अमृतराव शेटजींचा किराणा आणि कापसाचा व्यापार होता. त्यांचा नातू भूषण आता आग विझवायच्या पंपासाठी गावात शेड बांधतोय, आज्याच्या नावानं. यंदा उन्हाळा लागता लागता तो आमच्या दारी आला. माझी नात मैत्री मास्तरीण आहे, तिनं खुर्ची दिली, चहा ठेवला.

"आजी, शेडवर दगडी पाटी लावून राह्यलो. वर आमच्या आजोबाचं नाव, खाली तुमच्या सासऱ्याचं. निःस्वार्थ स्वयंसेवक म्हणून. तुमचा शाल देऊन सत्कार, अन् मैत्रीताईनं दोन शब्द बोलायचे. तेलुगूत बोलली तर उत्तम, आदिलाबादचे साहेब येतील."

"निःस्वार्थ काऊन?" मी म्हटलं. "वारा तुमच्या आळीकडून आमच्या वस्तीकडं येते. तुमचं पेटलं का ठिणगी आमच्या छपरावर. मामाजी आपलं छप्पर वाचवायले धावत होते, तुमचं मधात वाचून जाय."

भूषण हसला. "आजी, तुमी लई तिखट हाय."

"चहा घे, गोड हाय."

"आत्ताच पिऊन निंगालो घरून."

चहावर साय धरली. मी त्या सायीकडे बघत त्याला ती आग सांगितली.

मी लग्न होऊन आले त्याच वर्षीची गोष्ट. अमृतरावांच्या घरात कापूस छपरापर्यंत भरलेला. कापसाची आग वरून पाणी ओतून मरत नाही, आतल्या आत धुमसत पुढं सरकते. म्हणून मामाजी लांब दांड्याची आकडी घेऊन छपरावर चढले. आगीच्या पुढचे कवेलू, म्हणजे कौलं, उपटायचे, खालची लाकडं ओढून काढायची, म्हणजे तिची वाट तुटते. पण आग देवघराकडं वळली होती. अंगणातून मथुराबाई, म्हणजे या भूषणची आजी, ओरडल्या, "नागन्या, देवघरावर पाय देऊ नको, सांगून ठेवते."

मामाजी वरून म्हणाले, "बाई, मंग देवाले सांगा, तूच चढ म्हणा."

बादल्या घेऊन उभे असलेले लोकसुद्धा हसले. मामाजींनी देवघरावर पाय रोवून पलीकडचं छप्पर तोडलं. देव वाचला, घरही वाचलं.

दुसऱ्या दिवशी देवघरावरचे सगळे कवेलू उतरवले. फुटलेले नव्हते, जळलेले नव्हते. त्यांना आमचे पाय लागले होते. बैलगाडीत भरून आमच्या वस्तीच्या नाल्यात आणून ओतले. आमची बौद्ध दीक्षा कधीच झाली होती, पण त्यांच्या हिशेबी पाय जुनेच.

मामाजी त्या ढिगाकडं बघेनात. सासूनं मात्र पदर खोचला. "आपल्याच माणसाचे पाय लागले, आपल्याले कायचा विटाळ?" म्हणाली, आणि धडधाकट कवेलू वेचून सैपाकघरावर घातले. वस्तीत बाकी सगळी गवताची छपरं, कवेलू फक्त आमच्यावर. पुढं माझ्या मुलानं, विनयनं, समोर स्लॅब टाकला, पण सैपाकघराला मी हात लावू दिला नाही.

भूषणला म्हटलं, "पाटीवर एवढी एकच ओळ घाल. त्याचे पाय लागले म्हणून कवेलू काढून फेकले. मंग मी येते, शालही घेते, हे पोरगी बोलते."

त्यानं मोबाइलमध्ये बघत मान हलवली. "बरं आजी, कवेलूचं लिहू."

तो गेल्यावर मैत्री म्हणाली, "तू उगाच वाट पाहू नको. लिहिणार नाहीत ते."

"हो म्हटलं त्यानं."

"लिहितो म्हटलं. काय लिहितो, ते नाही म्हटलं."

पोरगी शिकलेली, तिला आधीच कळलं.

कार्यक्रमाला मी नवं लुगडं नेसून गेले. साहेबांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या. मी तिसरीपर्यंतच शिकलेली, अक्षर अक्षर लावत वाचते, म्हणून टाळ्या संपल्या तरी माझं वाचन चालूच होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: 'अमृतरावांनी प्रसन्न होऊन नागनाथ यांना घरासाठी कवेलू भेट दिले.'

मी परत पहिल्यापासून वाचलं. तेच निघालं.

भूषण शाल घेऊन आला. मी म्हटलं, "राहू दे, उकडून राह्यलं." मग हळूच विचारलं, "भेट दिले का रे?"

तो कानाशी वाकला. "आजी, चार लोकांत तसं कसं लिहिता येईल? अन् खोटं काय हाय त्याच्यात? कवेलू आमचे होते, तुमच्याकडं आले."

मैत्रीच्या हातात माइक दिला होता. तिनं तो खुर्चीवर ठेवला आणि माझा हात धरला. भाषण दुसऱ्या कुणी तरी केलं, ऐकायला आम्ही थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी विनयला म्हटलं, कवेलू उतरव. तो म्हणाला, "इतकी वर्षं डोकं फोडून राह्यलो तर ऐकलं नाही."

"आता ऐकते. उतरव."

ट्रॅक्टरमध्ये भरून आम्ही ते भूषणच्या ओट्याजवळ रचले. त्याची आई, शुभांगीबाई, दारात आली. "काय हो हे?"

"तुमच्या सासऱ्याची भेट. आमी वापरली, आता परत आणली. घरात घ्या."

तिनं पदर सावरला आणि एक पायरी मागं सरकली.

आता माझ्या सैपाकघरावर टीन आहे. भाकरी थापताना डोकं भाजतं. मैत्री म्हणते, चल, परत आणू. मी नाही म्हणते. बसला जाता-येता मी त्यांच्या ओट्याकडं बघते. पोळा गेला, दिवाळी गेली, एक कवेलू हललेला नाही. शुभांगीबाई रोज सकाळी अंगणात सडा टाकते. ढिगाच्या हातभर अलीकडं तिचा सडा थांबतो.